अल्टिमीटरशेजारी आठ महिने जीपीएस: उंचीचे आकडे का जुळत नाहीत

कॅबिनमध्ये दाब राखण्याची सोय नसलेल्या छोट्या विमानात, अल्टिमीटरच्या शेजारी हातात मावणारा जीपीएस लावून आठ महिने झाले. यंत्र चांगलं आहे, पण नवीन घेणारा प्रत्येक जण पहिल्या उड्डाणातच गोंधळतो: अल्टिमीटर १०,००० फूट दाखवतोय आणि जीपीएस १०,६००. दोन्ही धडधाकट असू शकतात.

अल्टिमीटर उंची मोजतच नाही. तो दाब मोजतो आणि प्रमाण वातावरण गृहीत धरून त्याचे फूट करतो: समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल, १५ अंश सेल्सिअस आणि दर हजार फुटांना जवळपास २ अंश घट. क्यूएनएच, म्हणजे जवळच्या स्टेशनने कळवलेला, समुद्रसपाटीला आणलेला दाब, अल्टिमीटरवर लावला की दाबातला फरक सुधारतो, तापमानातला नाही. खरा घोळ इथेच आहे. ढोबळ नियम असा: तापमान प्रमाणापेक्षा जितके अंश वेगळं, तितके गुणिले ४ फूट, दर हजार फुटांमागे. १०,००० फुटांवर प्रमाण तापमान उणे ५. बाहेर १० अंश असेल तर फरक १५ अंशांचा, म्हणजे स्टेशन समुद्रसपाटीला असल्यास ६०० फूट. हजार फूट मोजायचे ते क्यूएनएच देणाऱ्या स्टेशनच्या वर, समुद्रापासून नव्हे.

गार हवेत हेच उलटतं, आणि ते जीवावर बेतू शकतं. स्टेशनच्या ५,००० फूट वर, प्रमाणापेक्षा २० अंश थंड हवेत विमान अल्टिमीटर सांगतो त्याहून सुमारे ४०० फूट खाली असतं. डोंगर ओलांडताना जीपीएसकडे नजर टाकायची ती यासाठी.

क्यूएनएच जुना राहिला तर खालच्या उंचीवर प्रत्येक हेक्टोपास्कलला २७-३० फूट चुकतात. उड्डाणाआधी क्यूएनएच लावून अल्टिमीटर धावपट्टीच्या उंचीशी ताडून पाहा. ७५ फुटांहून जास्त फरक असेल तर उड्डाण थांबवून तपासणी करून घ्या.

जीपीएसचीही स्वतःची खोट आहे. उपग्रह फक्त डोक्यावर असतात, पायाखाली नाहीत. म्हणून उभी चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट धरावी. त्यात तो मुळात डब्ल्यूजीएस-८४ या गणिती लंबगोलापासून उंची काढतो. समुद्रसपाटीची पातळी त्या लंबगोलापासून श्रीलंकेच्या दक्षिणेला १०० मीटरहून खाली आहे, न्यू गिनीजवळ सुमारे ८० मीटर वर. चांगलं यंत्र ही दुरुस्ती स्वतः करतं. नोंदी उतरवून घेणाऱ्यांनी जीजीए ओळ (जीपीएसच्या नोंदीतली स्थान आणि उंचीची ओळ) उघडावी: आधी समुद्रसपाटीपासूनची उंची, लगेच पुढे हा फरक. तिथे शून्य दिसलं तर यंत्र कशापासून मोजतंय ते आधी तपासा.

यंत्रात दाबाचा सेन्सरही आहे. तो कॉकपिटमधला दाब वाचतो, स्टॅटिक पोर्टचा (विमानाच्या अंगावरचं बाहेरचा दाब घेणारं छिद्र) नाही. वेगात कॉकपिटमधला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी होतो आणि आकडा चढा येतो. दाब राखलेल्या विमानात तर तो कॅबिनचीच उंची दाखवेल.

उड्डाणाची पातळी मात्र अल्टिमीटरवरच धरायची. एकाच हवेतली सगळी विमानं एकच चूक करतात, म्हणून त्यांच्यातलं अंतर खरं राहतं. एकानेच जीपीएसवर ६०० फूट 'सुधारले' तर तो दुसऱ्याच्या पातळीकडे सरकतो. नियंत्रकांच्या रडारला विमानाची उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डरही १०१३.२५ वरचीच दाब-उंची पाठवतो, अल्टिमीटरच्या दाबाच्या खिडकीत काहीही लावलेलं असो.

तक्रार एकच, पण मोठी. सेटिंगमध्ये 'ऑटो कॅलिब्रेशन' आहे, ते दाबाचा आकडा हळूहळू जीपीएसकडे ओढतं. मग दोन्ही आकडे जुळतात आणि तापमानाचा फरक दिसेनासा होतो. ते बंदच ठेवा. सॉफ्टवेअर अपडेटनंतर ते आपोआप पुन्हा चालू होतं, म्हणून दर अपडेटनंतर तो मेनू उघडून पाहा.