लंडन गॅझेट वाचावं की कॉमन्सची जर्नल्स?

राणी ॲन आणि पहिला जॉर्ज यांच्या काळातलं इंग्लंडचं सरकार मूळ कागदांतून समजून घ्यायचं ठरवलं, की लगेच दोन वाटा फुटतात. एक दरबाराची, म्हणजे लंडन गॅझेट हे सरकारी वृत्तपत्र. दुसरी संसदेची, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्सची जर्नल्स, म्हणजे कामकाजाच्या नोंदवह्या, आणि रोजच्या रोज छापली जाणारी व्होट्स, म्हणजे त्या दिवशीच्या कामाचे ताव. दोन्ही एकदम वाचू म्हणणारे बहुधा दोन्ही अर्ध्यात सोडतात. मी दोन्हीकडे बराच मुक्काम केला आणि शेवटी एकीकडे स्थिरावलो. सुरत-मुंबईच्या कापडव्यापाराच्या नादाने मी या काळात शिरलो, त्यामुळे माझं माप थोडं कललेलं असणार, एवढं धरून पुढे वाचा.

गॅझेटची बाजू आधी, कारण ती खरोखर भक्कम आहे. प्लेगमुळे दरबार ऑक्सफर्डला गेला असताना १६६५ मध्ये हे पत्र निघालं आणि पुढच्या वर्षी लंडनला आलं. १७०९ पासून ते आठवड्यातून तीनदा निघू लागलं. राजाची फर्मानं, नेमणुका, परदेशांतून आलेल्या बातम्या, शेवटी दिवाळखोरांच्या नोटिसा आणि हरवलेल्या घोड्यांच्या जाहिराती. या जाहिराती सोडू नका. लंडनच्या रोजच्या जगण्याचा वास सरकारी मजकुरापेक्षा तिथे जास्त येतो. शिवाय सगळे अंक इंटरनेटवर फुकट पाहता येतात. जुन्या छपाईतला लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ वाटतो, म्हणून शोध अधूनमधून फसतो. पण ती अडचण त्या काळच्या कुठल्याही छापील कागदाला आहे, तिचा दोष एकट्या गॅझेटला नको.

तारखांचा गोंधळही दोन्हीकडे आहे. इंग्लंड जुन्या पंचांगावर आणि युरोपचा बराचसा भाग नव्या, म्हणजे या काळात अकरा दिवसांचा फरक. ब्लेनहाइमची लढाई इंग्रजी हिशेबाने २ ऑगस्ट १७०४ ची, युरोपच्या हिशेबाने १३ ऑगस्टची. परदेशी बातम्या जास्त असल्याने गॅझेटमध्ये हे पदोपदी आडवं येतं. जर्नल्समध्ये त्याऐवजी दुसराच काटा रुततो. १७५२ पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे आपण ज्याला १७२१ चा जानेवारी म्हणतो तो तिथे १७२० चा असतो. त्यात वारांची नावं लॅटिनमध्ये. वारांची सवय लवकर होते, वर्षाची होत नाही. वहीत दोन्ही वर्षं लिहून ठेवायची, दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

आता माझा कौल ज्यावरून फिरला ती गोष्ट. गॅझेटमध्ये कुणी भांडत नाही.

ऐकायला किरकोळ वाटेल, पण सलग वाचायला बसलात की कळेल. उदाहरणार्थ १७१३. उट्रेख्टचा तह झाला, फ्रान्सशी वर्षानुवर्षं चाललेलं युद्ध थांबलं. मग गावोगावच्या नगरपालिका, परगणे, धर्मगुरू यांची राणीला आभारपत्रं यायला लागली आणि गॅझेट ती छापत गेलं. प्रत्येकाची भाषा नम्र, प्रत्येकाला तहाचा आनंद, प्रत्येकाची राणीवर अढळ निष्ठा. पहिली चार-पाच पत्रं मी लक्ष देऊन वाचली, नंतर नुसती गावांची नावं पाहू लागलो, आणि मग तीही सोडून थेट घोड्यांच्या जाहिरातींकडे. पुढच्याच वर्षी राणी गेली, जॉर्ज आला, आणि तसाच सूर नव्या राजासाठी लागला. अंक मिटताना वाटतं की या देशात मतभेद नावाची चीजच नसावी.

आणि हा तोच देश, जिथे त्याच १७१३ च्या जूनमध्ये, त्याच तहाबरोबर केलेला फ्रान्सशी व्यापाराचा करार अमलात आणणारं विधेयक कॉमन्समध्ये पडलं. १८५ विरुद्ध १९४. नऊ मतांनी! सरकार टोरी पक्षाचं, बहुमतही त्याच पक्षाचं, तरीही. कारण जर्नल्समध्येच, आधीच्या पानांत पसरलेलं आहे: फ्रेंच माल आल्यावर आपलं पोट कसं जाणार हे सांगायला आलेले विणकर, पोर्तुगालशी व्यापार करणारे सौदागर, एकामागून एक अर्ज. कुणाचा अर्ज, कुठल्या गावचा, काय मागितलं, कुठल्या समितीकडे गेला, हे सगळं ओळीने. गॅझेटमधलं १७१३ आणि जर्नल्समधलं १७१३ ही दोन वेगळी वर्षं वाटावीत, इतका फरक.

गॅझेटचा हा सपाटपणा अपघाताने आलेला नाही, हेही सांगायला हवं. १७०७ ते १७१० या काळात रिचर्ड स्टील गॅझेटचं संपादन करत होता. सगळ्याच मंत्रिमंडळांनी हे पत्र निरुपद्रवी आणि बेचव ठेवण्याचा नियम पाळला, असं त्यानेच पुढे लिहून ठेवलं आहे. ज्याच्या हाताखालून अंक गेले त्याची साक्ष असल्यावर मी वेगळं काय बोलणार.

जर्नल्सवर मोठा आक्षेप आहे आणि तो खरा आहे: भाषणं नाहीत. प्रस्ताव आला, वाद झाला, मत घेतलं, संपलं. कोण काय बोललं याची एक ओळही नाही, कारण सभागृहातलं बोलणं बाहेर छापणं हा हक्कभंग मानला जायचा आणि १७३८ मध्ये कॉमन्सने तो नियम पुन्हा ठासून सांगितला. भाषणांची ओढ असेल तर एबल बॉयरच्या मासिकाकडे जावं लागेल, तेही जपून, कारण तिथला मजकूर ऐकीव. मला स्वतःला भाषणांची उणीव सुरुवातीला फार जाणवली, नंतर तितकी नाही. अर्ज आणि प्रतिअर्ज समोरासमोर असले की कोण काय बोललं असेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

व्होट्स आणि जर्नल्स यांत गल्लत मात्र करू नका. व्होट्स म्हणजे त्या त्या दिवशीच्या कामकाजाचे छापील ताव. ते १६८० मध्ये सुरू झाले, आणि कोणी छापायचे हे सभापती ठरवायचा. त्या काळच्या कॉफीहाउसमधल्या गिऱ्हाइकाच्या हाती हे ताव पडत. जर्नल्स ही कारकुनाची पक्की वही, आणि ती छापायचा आदेश निघाला तो थेट १७४२ मध्ये. (छपाईचं काम मिळालं सॅम्युएल रिचर्डसनला. हाच तो कादंबरीकार.) लोकांना तेव्हा काय कळत होतं हे हवं असेल तर व्होट्स, काय घडलं हे हवं असेल तर जर्नल्स.

दरबार आणि संसद असे दोन स्वच्छ कप्पे प्रत्यक्षात नव्हते, हेही लक्षात ठेवलेलं बरं. संसदेने केलेला कायदा छापायचा हक्क राजाच्या मुद्रकाकडे असायचा. १७२० मध्ये जिच्या शेअरांचा फुगा फुटला त्या साउथ सी कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट जानेवारी १७२१ मध्ये पळाला, तेव्हा त्याला पकडण्यासाठी राजाने फर्मान काढून इनाम लावलं, पण तशी विनंती करणारा ठराव आधी कॉमन्सने केला होता. फर्मान पाहून सरकारने काय केलं ते समजतं. ते करायला कुणी भाग पाडलं, हे ठरावाशिवाय समजत नाही.

तर, परराष्ट्र धोरण, आरमाराच्या हालचाली, कुणाला कोणतं पद मिळालं, हा तुमचा विषय असेल तर गॅझेटच घ्या, मी अडवणार नाही. व्यापार, कर, कापड, कंपनी, यांतलं काही असेल तर माझ्या मते जर्नल्सला तोड नाही.

सुरुवात एकोणिसाव्या खंडापासून करून पाहा. तो १७१८ च्या नोव्हेंबरपासूनचा आहे. त्यात छापील सुती कापडाविरुद्धची मोहीम जवळजवळ अखंड सापडते: लंडनचे आणि नॉर्विचचे विणकर एका बाजूला, ईस्ट इंडिया कंपनी आणि कापड छापणारे कारागीर दुसऱ्या बाजूला. १७२१ मध्ये कायदा झाला आणि २५ डिसेंबर १७२२ पासून छापील सुती कापड अंगावर घालणाऱ्याला पाच पौंड दंड लागू झाला. संपूर्ण निळ्या रंगाचं कापड मात्र सुटलं. सुरतेचं कापड कुठे पोचत होतं आणि कुणाच्या डोळ्यांत खुपत होतं, ते या पानांत कळतं. स्कॅन केलेले खंड जड असतात, फोनवर उघडायच्या भानगडीत पडू नका.