शिडाची होडी, फग आणि गेलेले ७,९५० रुपये

जाहिरात अशी: रायगडमधल्या खाडीत शिडाच्या होडीतून चार तास फेरी, वाटेत फग, म्हणजे दोरीने पाण्यात सोडायचं जाळीचं कडं, टाकून चिंबोऱ्या (खेकडे) पकडायच्या, माणशी १,६५०. सहा जणांचे ९,९००. निम्मे, म्हणजे ४,९५०, आगाऊ दिले. मग लाइफ जॅकेटचं डिपॉझिट १,२००. आदल्या रात्री ‘परवान्याचे’ १,८००. पहाटे जेट्टीवर ना होडी ना माणूस, फोन बंद.

संताप याचा होतो की सगळं जाहिरातीतच लिहिलेलं होतं. ‘पौर्णिमा, सकाळी ६ ते १०’. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेचे १५, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी सव्वापाचच्या सुमारास. सहाला खाडीत चिखल उघडा पडलेला, होडी निघणार कुठून? त्यानंतर उधाणाचं, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीचं, पाणी असं ओढतं की फग तळाला टेकतच नाही, तिरका होऊन वाहत जातो. फगाला भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीचं, पाणी लागतं. शिवाय जाऊन-येऊन दोन्ही शिडावर म्हणे! जायला मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा, वारा मिळेल, पण परत आणणारा खारा, समुद्रावरून येणारा, वारा दुपारी सुटतो. आणि ‘पौर्णिमेची भरलेली चिंबोरी’? पौर्णिमेची पोकळ, अमावास्येची भरलेली, हे कोणतीही कोळीण सांगेल. ही एक ओळ वाचून तिथेच थांबायला हवं होतं. हिशेब येत होता, तरी केला नाही.

पण तो माणूस बोलायचा अगदी जाणकारासारखा. फोटोतले फग अस्सल होते: सळीचं दीड फुटी कडं, सैल जाळी, मधोमध घट्ट बांधलेली मासळीची डोकी, दोरीच्या टोकाला थर्माकोल. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, दोरी आधी हळूच ताणायची, मग एका दमात ओढायची, मध्ये हात थांबला की चिंबोरी कडेवरून उतरते, हे सगळं त्याने बरोबर सांगितलं. असं बोलणाऱ्यावर कोणाचाही विश्वास बसला असता.

सरकारी शुल्क कोणाच्या खाजगी यूपीआयवर कधीच जात नाही. १,८०० मागितले तेव्हाच फोन ठेवायचा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण दुसऱ्या दिवशी; तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं. पैसे गेल्याचं कळताच त्याच मिनिटाला लावा, व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवून. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकला, आमची जबाबदारी नाही. पोलीस ठाण्यात दोन तास बसवून ‘जिथे घडलं तिथे जा’. तिथे गेलो तर ‘पैसे जिथून पाठवले तिथे जा’. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. कलम दाखवलं तर ‘साहेब नाहीत’. चार खेपा, एकदाही पोच नाही. जेट्टीवरच्या कार्यालयात होडीचं नाव विचारलं, तर मान वर न करता ‘अशी होडी नाही’. नाही हे आधी एका फोनवर कळलं असतं, म्हणून होडीचा नोंदणी क्रमांक आणि तांडेलाचं (होडी चालवणाऱ्या प्रमुखाचं) नाव आधी घ्या, जेट्टीवर विचारा, पैसे होडीत बसल्यावर द्या.

तीच जाहिरात आता दुसऱ्या नंबरवरून फिरते आहे. फोटो तेच, वेळ तीच ६ ते १०, दर माणशी १,८५०.