संगणक 'दुरुस्त' करणारं सॉफ्टवेअर : नवरात्र ते रंगपंचमी

सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही. या जातीची बरीचशी सॉफ्टवेअरं एकाच साच्यातली असतात: मधोमध मोठं बटण, ते दाबलं की 'समस्यां'चा लाल आकडा, आणि त्याखाली 'सगळं दुरुस्त करा'. माझी फोनवरची रोजची कटकट ऐकून पुण्याच्या चिरंजीवांनी वर्षभराचं लायसन्स परस्पर घेऊन पाठवलं. इंदूरला राजेंद्र नगरच्या आमच्या घरी ते नवरात्रात बसवलं आणि आता गेर, म्हणजे इथली रंगपंचमीची मिरवणूकही होऊन गेली, तेव्हा लिहायला हरकत नाही.

यंत्र जुनं आहे. सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम (चालू कामाची मेमरी), १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावर मी स्मरणिका, मुंजी-लग्नाच्या पत्रिका जुळवते आणि हे सोसायटीचे हिशेब ठेवतात. चालू केलं की चहा करून, पिऊन, कप विसळून झाला तरी माउसचं चक्र फिरतच असायचं. टास्क मॅनेजर (काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला तर डिस्क १०० टक्के कामात गुंतलेली. अधूनमधून निळा स्क्रीन यायचा आणि त्यावर नाव असायचं 'कर्नल डेटा इनपेज एरर'. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

पहिल्याच तपासणीत शेकड्यांनी समस्या निघाल्या. यादी उलगडून पाहिली तर ब्राउझरची एकेक कुकी (वेबसाइटने ठेवलेली छोटी नोंद) ही एकेक समस्या, रिकामा फोल्डर ही समस्या, कधीकाळी काढून टाकलेल्या प्रिंटरची रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) उरलेली नोंद हीसुद्धा समस्या. सगळं साफ केलं, दोन दिवस इंटरनेट वापरलं, की आकडा पुन्हा होता तिथे. त्यामुळे या आकड्यावर माझा विश्वास पहिल्याच आठवड्यात उडाला. हे फक्त माझंच मत आहे असंही नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) ऑफिस डेपो ही दुकानांची साखळी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांच्याकडून मिळून साडेतीन कोटी डॉलर वसूल केले. त्यांच्या 'पीसी हेल्थ चेक'मध्ये सुरुवातीला चार चौकटी असत, संगणक हळू चालतो का वगैरे. त्यातल्या एकीवर खूण केली तरी तपासणी मालवेअरची (व्हायरससारख्या घातक प्रोग्रॅमची) लक्षणं 'सापडवून' देई. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसच्या कंपन्यांवरही अशीच कारवाई होऊन २ कोटी ६० लाख डॉलरवर तडजोड झाली. माझ्याकडचं सॉफ्टवेअर यातलं नाही, आणि ते खोटं बोलतं असंही मी म्हणणार नाही. ते कचरा मोजतं आणि त्याला बिघाड म्हणतं.

रजिस्ट्रीची सफाई हा या मंडळींचा हुकमी एक्का. मुळात अशा अनाथ नोंदी म्हणजे मजकुराच्या चार ओळी; हजार काढल्या तरी काहीशे किलोबाइट सुटतात. त्याने वेग वाढण्यासारखं काही घडत नाही, आणि रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला आपलं समर्थन नाही हे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलेलं आहे. माझ्याकडे तर नुकसान झालं. जुन्या स्मरणिका युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात, म्हणजे फॉन्ट गेला की मजकूर गेलाच. माझे हे फॉन्ट वेगळ्या फोल्डरमधून जोडलेले होते. सफाईने त्यांच्या रजिस्ट्रीतल्या नोंदी 'निरुपयोगी' ठरवून उडवल्या. दुसऱ्या दिवशी अध्यक्षीय मनोगत उघडलं तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि डॉलर! बरं एवढंच, की सफाईआधीची प्रत सॉफ्टवेअर स्वतः ठेवतं आणि एका क्लिकमध्ये ती परत आणता येते. ते बटण मात्र खरंच चांगलं चालतं. त्यानंतर मी रजिस्ट्रीचा विभाग कायमचा बंद करून टाकला.

'रॅम बूस्टर'बद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तो दिसायला फार मोहक आहे. बटण दाबलं की रॅमचा वापर ८० टक्क्यांवरून एकदम ४५ वर. प्रत्यक्षात होतं काय, तर चालू प्रोग्रॅमनी मेमरीत ठेवलेला मजकूर जबरदस्तीने बाहेर काढला जातो. तुम्ही पुन्हा त्या खिडकीवर गेलात की त्यातला बराचसा परत आणावा लागतो, आणि वाटेत तो डिस्कवर गेला असेल तर मग विचारू नका. मोकळी रॅम म्हणजे बिनकामाची रॅम, विंडोज ती मुद्दाम भरून ठेवतं. माझ्याकडे बूस्ट केल्यावर पहिल्या क्लिकला संगणक आधीपेक्षा जास्त अडखळायचा. तीच गोष्ट थंबनेलच्या, म्हणजे फोटोंच्या छोट्या चित्रांच्या सफाईची: भाचीच्या लग्नाच्या फोटोंचा फोल्डर उघडला की सगळी छोटी चित्रं पुन्हा नव्याने तयार होत बसायची.

ड्रायव्हर म्हणजे साउंड, प्रिंटर वगैरे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम. त्यांच्या अपडेटरने एकदा संगणकाचा आवाज घालवला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' करून जुना ड्रायव्हर परत आणला, आला परत. तो विभागही बंद.

आता जे आवडलं ते. सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी त्याने मराठी माणसाला कळेल अशी मांडून दाखवली. मीटिंगचं ॲप, प्रिंटरचे दोन मदतनीस, लॉकडाऊनमध्ये मुलाने टाकलेलं काहीतरी, हे सगळं बंद केल्यावर फरक पडला, आणि तो टिकला. हीच यादी टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये फुकट असते, कोण किती भार टाकतो तेही तिथे लिहिलेलं असतं. पण आमचे हे तिथे कधी गेले नसते. (सॉफ्टवेअरच्या यादीत एक नाव नव्हतं: त्याचं स्वतःचं. टास्क मॅनेजरमध्ये मात्र होतं.)

दुसरं म्हणजे 'डीप रिपेअर'. विंडोजच्या बिघडलेल्या फाइल त्याने खरोखर बदलल्या. आमच्याकडे दुपारी वीज जाते, यूपीएसची बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळे यंत्र धाडकन बंद पडायचं. फाइल बिघडल्या त्यात नवल नाही. पण हे चालू असताना शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवला, तर काम करत होते विंडोजचेच 'डिझम' आणि 'एसएफसी'. डिझम विंडोजच्या मूळ फाइलींचा साठा दुरुस्त करतं आणि एसएफसी त्या साठ्यातून चांगली फाइल उचलून जागेवर बसवतं. म्हणून डिझम आधी, एसएफसी नंतर. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून दोन ओळी टाइप केल्या तरी हेच होतं. मध्ये बराच वेळ टक्का हलत नाही, तेव्हा खिडकी बंद करायची नाही.

एवढं होऊनही दिवाळीनंतर निळा स्क्रीन परत यायला लागला. सॉफ्टवेअर मात्र हिरवी खूण दाखवत होतं: 'तुमचा संगणक उत्तम स्थितीत आहे.' इथे ते नाव कामाला आलं. इनपेज एरर म्हणजे विंडोजला डिस्कवरच्या पेज फाइलमधून (रॅममध्ये न मावलेलं जिथे ठेवलं जातं तिथून) मेमरीत मजकूर वाचायचा होता, तो वाचता आला नाही. कारण बहुधा डिस्कवरची खराब जागा किंवा ढिली केबल, कधी रॅम. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींच्या नोंदीत) डिस्कच्या नावाने ७ क्रमांकाच्या नोंदी ओळीने पडलेल्या होत्या, म्हणजे 'बॅड ब्लॉक', डिस्कवरची खराब जागा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटंसं फुकट सॉफ्टवेअर घेतलं. त्यात पिवळा 'कॉशन', आणि 'करंट पेंडिंग सेक्टर'चा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा शून्य नाही. ही नोंद प्रत्येक डिस्क स्वतःच ठेवते, फक्त विचारायची असते. पैसे घेऊन आरोग्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने ती कधी विचारली नव्हती, आणि माझी खरी नाराजी आहे ती इथे.

सिल्व्हर मॉलमधल्या दुकानदाराने स्क्रीन पाहून लगेच सांगितलं, "मॅडम, ये साफ-सफाई से नहीं जाएगा, डिस्क जा रही है." साटाच्या केबलने जोडायची एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घेतली. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल (क्लोन) न करता आधी कामाच्या फाइल काढल्या आणि विंडोज नव्याने टाकलं. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी (संगणकाच्या मुख्य सर्किटशी) जोडलेलं असतं, त्यामुळे ते आपोआप ओळखलं गेलं. फरक एवढा पडला याचं कारण साधं आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वाचाव्या लागतात. एसएसडीत फिरणारं काही नाही. आता गॅस पेटवून पातेलं ठेवेपर्यंत डेस्कटॉप समोर असतो. कॅबिनेट उघडलाच होता म्हणून पंख्यातली धूळही काढून घेतली. इंदूरच्या मे महिन्यात त्याचाही फरक कळतो.

त्या सॉफ्टवेअरचं लायसन्स बाकी होतं म्हणून नव्या विंडोजवर ते पुन्हा टाकून पाहिलं. ताज्या, नुकत्याच बसवलेल्या विंडोजमध्येही त्याने दीडशेच्या वर समस्या काढल्या! मग काढूनच टाकलं. काढल्यावरही टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) त्याची दोन कामं मागे राहिली होती, ती हाताने पुसली. वरवरच्या सफाईला विंडोजमधलीच स्टोरेज सेन्स ही सोय पुरते, आणि एका बटणात सगळं हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचं पीसी मॅनेजर फुकट आहे.

कुणाला घ्यायचंच असेल तर पैसे भरण्याआधी डिस्कचं आरोग्य पाहून घ्या, आणि घेतल्यावर रजिस्ट्री, ड्रायव्हर, रॅम हे तीन विभाग बंद ठेवा. 'ऑटो रिन्यूअल'ची (मुदत संपली की आपोआप पैसे कापण्याची) खूण आधीच लावलेली असते, ती काढा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण ती येते ज्याचं कार्ड त्याला. आमच्याकडे कार्ड चिरंजीवांचं, त्यामुळे त्यालाच फोन करून रद्द करायला लावलं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तिची नोंदणी सेटिंगमधून करून ठेवली आहे. सातव्या पिढीचा आय-थ्री विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, त्यामुळे पुढच्या दिवाळीला चिरंजीवांनी काही पाठवायचंच म्हटलं तर काय मागायचं ते ठरलेलं आहे.