इंटरकॉम नकली निघाला, पण खरं नुकसान हेल्मेटचं झालं

बाईकवर गाणी ऐकण्यासाठी किंवा मॅपचा आवाज कानात यावा म्हणून ज्यांनी दुकानातून हेल्मेटमध्ये स्पीकर बसवून घेतले आहेत, किंवा आता दिवाळीत घ्यायचा विचार करत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझे साडेसहा हजार गेले. पैसे जाण्यापेक्षा जास्त राग ज्या गोष्टीचा आलाय, ती थोडी पुढे सांगतो.

दुकान पुण्यातलं, नाना पेठेच्या बाजूचं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने धंदा करणारे लोक आहेत आणि मी स्वतः अनेक वर्षं तिथूनच पार्ट घेतो, म्हणून सरसकट त्या भागाला नावं ठेवणार नाही. या दुकानात एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचा ब्लूटूथ इंटरकॉम ठेवला होता, म्हणजे हेल्मेटमध्ये बसणारा स्पीकर-माइकचा संच, जो फोनला आणि दुसऱ्या रायडरच्या संचाला जोडता येतो. कंपनीची अधिकृत किंमत जवळजवळ दुप्पट. "दादा, आमचा माल डायरेक्ट येतो, मधला माणूस नाही, म्हणून परवडतं," असं मालकाने सांगितलं. खोक्याला सील होतं, होलोग्राम होता, छपाई स्वच्छ होती. दुकानातल्या मुलाने फोनला जोडून गाणं लावून दाखवलं. आवाज छान वाटला.

दुकानात आवाज छानच वाटणार. हेल्मेट डोक्यावर, बाईक उभी, वारा शून्य. खरी परीक्षा ताशी ७०-८०च्या पुढे सुरू होते. शंभरच्या आसपास हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचाच आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. चांगल्या संचाचे स्पीकर साधारण ४० मिलिमीटर व्यासाचे, पातळ आणि बरोबर कानाच्या भोकासमोर बसणारे असतात. ते बोटभर जरी पुढे-मागे झाले तरी खालचे सूर गायब होतात आणि माणूस आवाज वाढवत बसतो. त्याने गाणं सुधारत नाही, कान जातात. म्हणून दुकानातल्या डेमोवर विश्वास ठेवू नका. डेमो प्रामाणिक दुकानातही काही सिद्ध करत नाही.

बिल मागितल्यावर उत्तर आलं, "पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के वर लागतील." चिठ्ठीवर 'हेल्मेट अ‍ॅक्सेसरी' एवढंच लिहून दिलं, कंपनीचं नाव नाही, सीरियल नंबर नाही. क्यूआर कोड स्कॅन केला तर दुकानाचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं. यातली प्रत्येक गोष्ट ठरवून केलेली होती हे नंतर त्यांच्या उत्तरांवरून कळलं. मालावरच्या छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात, त्यामुळे "बिल हवं तर जीएसटी वेगळा" हे वाक्यच खोटं आहे. आणि बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे.

मग त्या मुलाने हेल्मेट घेतलं. "फिटिंग फ्री आहे साहेब, चहा घ्या तोवर," म्हणून तो ते मागच्या खोलीत घेऊन गेला.

नकली माल आहे हे पहिल्या मोठ्या राइडपर्यंत कळलं नाही. मुळशी ओलांडेपर्यंत गाणी चालू होती, आवाज मात्र डबक्यातून आल्यासारखा. ताम्हिणीत पाऊस लागला आणि संच आधी खरखरला, मग बंद पडला. खोक्यावर आयपी६७ छापलं होतं. यातला ६ धुळीसाठी असतो आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही चालायला हवं. हा तर पावसातच गेला.

घरी येऊन एकेक तपासलं. कंपनीच्या अ‍ॅपला तो सापडतच नव्हता. फोनच्या ब्लूटूथ यादीत मॉडेलच्या नावाऐवजी नुसती अक्षरं आणि आकडे दिसत होते. मित्राकडच्या खऱ्या संचाशी इंटरकॉम जुळेना. टाइप-सी पोर्ट होतं, पण दोन्हीकडून टाइप-सी असलेल्या केबलने चार्जिंग होईना, जुन्या यूएसबी चार्जरनेच होई. स्वस्त नकला ओळखायची ही एक चांगली खूण आहे: पोर्टमागे जे दोन छोटे रेझिस्टर लावायचे असतात तेच वाचवलेले असतात, म्हणून टाइप-सी चार्जर वीज सोडतच नाही. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष यांचं स्टिकर नव्हतं. आयात केलेल्या पॅकबंद वस्तूवर ते कायद्याने हवंच. बॅटरीवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, नोंदणी क्रमांकही नव्हता. 'आर' अक्षराने सुरू होणारा हा क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. हे काम दुकानाच्या काउंटरवर उभ्या-उभ्या होतं.

आता मुख्य गोष्ट. ओलं झालेलं हेल्मेट वाळवायला गालाच्या गाद्या काढल्या आणि आतलं थर्मोकोल बघून हातपाय गार पडले. माझ्या हेल्मेटला कानापाशी कंपनीनेच केलेला उथळ खळगा आहे. नकली स्पीकर जाड असल्याने त्यात बसत नव्हते. म्हणून त्या मुलाने कटरने दोन्ही बाजूंचं थर्मोकोल कोरलं होतं, तेही पार कानशिलापर्यंत. वायर लपवायला मागच्या बाजूला लांब चर पाडली होती. आणि स्पीकर चिकटवायला चपलांना लावतात ते पिवळं सोल्युशन वापरलं होतं. त्यातल्या द्रावकाने थर्मोकोल विरघळतं. जिथे जिथे ते लागलं तिथे खड्डे पडून थर कागदासारखा पातळ झाला होता. वरून गादी बसवली की यातलं काहीही दिसत नाही.

बाहेरचं कडक शेल रस्त्यावर घासतं, टोकदार वस्तू आत येऊ देत नाही. आपटल्यावर डोक्याला बसणारा दणका मात्र हे थर्मोकोल स्वतः चिरडून घेऊन शोषतं. आयएस ४१५१ या हेल्मेटसाठीच्या भारतीय मानकाची जी चाचणी होऊन आयएसआय शिक्का मिळतो, ती पूर्ण जाडीच्या थराची असते. कोरलेल्या हेल्मेटवर शिक्का तसाच राहतो, संरक्षण राहत नाही. बायको मागे बसलेली असताना मी हे डोक्यावर घालून घाट उतरलोय. एक स्वस्त नक्कल खपवण्यासाठी एका माणसाने दुसऱ्याच्या डोक्याशी हे केलं आणि पुन्हा वर "फिटिंग फ्री" म्हणून सांगितलं. याला मी फसवणूक म्हणून थांबू शकत नाही.

दुकानात गेलो तर मालक म्हणाला, "हा माल आमच्याकडचा नाहीच." चिठ्ठी दाखवली. "यावर अ‍ॅक्सेसरी लिहिलंय, तुम्ही ग्लोव्ह्‌ज घेतले असतील." यूपीआयची नोंद दाखवली तर पैसे ज्याच्या खात्यात गेले तो "आता इथे कामाला नाही."

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ला, तक्रार नोंदवली. त्यानंतर इंटरकॉमचे पैसे परत करायची तयारी त्यांनी दाखवली. हेल्मेटचा विषय काढला की मात्र गप्प. म्हणून तडजोड न घेता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि मुदत दोन वर्षांची असते. कोरलेलं हेल्मेट, संच, खोकं, चिठ्ठी, यूपीआयची नोंद हे सगळं जपून ठेवलंय. हेल्मेट नवीन घेतलंय. त्यात स्पीकर मी स्वतः बसवले, कंपनीने दिलेल्या खळग्यात, वेल्क्रोवर, कटर किंवा सोल्युशन जवळही न आणता. पाना-पकड काही लागत नाही, अर्ध्या तासाचं काम आहे.

तुमच्या हेल्मेटमध्ये दुसऱ्याने स्पीकर बसवले असतील तर पुढच्या राइडआधी दोन्ही गालाच्या गाद्या काढा; बहुतेक हेल्मेटमध्ये त्या बटणांवर असतात आणि ओढल्या की सुटतात. स्पीकर उचलून त्यामागचं थर्मोकोल बोटाने चाचपा. कारखान्यातल्या खळग्याची कड गुळगुळीत असते. कडा खडबडीत असतील, पांढरा भुगा हाताला लागत असेल, डिंकाच्या डागाखाली खड्डा असेल किंवा शेलला भोक पाडलेलं दिसलं, तर आधी फोटो काढा आणि ते हेल्मेट पुन्हा डोक्यावर घालू नका.