बँकॉकमध्ये सेकंड डिव्हिजनची मॅच बघितली : कसेत्सात एफसी, जरूर जा

बँकॉकला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या कुणालाही विचारा काय काय बघितलं, तर यादी ठरलेली असते, मंदिरं, सफारी, पट्टाया, शॉपिंग, आणि त्यात वाईट काही नाही, पहिल्या ट्रिपला मीही तेच केलं होतं. ह्या वेळी फेब्रुवारीत ऑफिसच्या कामाने गेलो होतो, शनिवार मोकळा मिळाला, आणि मुंबईहून निघतानाच ठरवलं होतं की एक लोकल फुटबॉल मॅच बघायचीच, तीपण मोठ्या चकाचक क्लबची नाही तर खालच्या डिव्हिजनची.

त्याचं कारण घरातच आहे. माझे बाबा ऑफिसच्या टीमकडून हारवूड लीग, म्हणजे मुंबईची फुटबॉल लीग, खेळायचे, लेफ्ट बॅक. कूपरेजच्या मैदानावर मॅच असली की आई मला डबा देऊन पाठवायची आणि मी लाकडी फळीवर बसून बघायचो. मग एका वर्षी मॅनेजमेंटने टीम बंद केली, बाबा पूर्ण वेळ डिस्पॅचला बसायला लागले आणि बूट माळ्यावर गेले. कंपनीचं नाव इथे नको, तेव्हा सगळीकडे हेच चाललं होतं. पण तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न राहिलाय की ऑफिसच्या टीमचं पुढे काय होतं, आणि ह्या प्रश्नाचं उत्तर बघायला थायलंडसारखी जागा नाही, ते का ते पुढे येईलच.

क्लब निवडला कसेत्सात एफसी. मॅपवर स्पेलिंगमध्ये शेवटी 'र' दिसतो पण तिथे कुणी तो उच्चारत नाही. मी गेलो तेव्हा क्लब थाई लीग 2 मध्ये, म्हणजे वरून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. हा कसेत्सात युनिव्हर्सिटीचा क्लब, ही युनिव्हर्सिटी 1943 सालची, शेतकीची म्हणून सुरू झालेली, आपल्या राहुरी-दापोलीसारखी म्हणा पण राजधानीतच. आणि नावाची गंमत बघा, कसेत म्हणजे क्षेत्र आणि सात म्हणजे शास्त्र, क्षेत्रशास्त्र! आपलं 'शेत' ज्या शब्दातून आलं त्याच शब्दाचं नाव घेऊन ही पोरं मैदानात उतरतात. क्लबला प्रेमाने म्हणतात पाचूचा नाग, त्यातला पाचूसाठीचा थाई शब्द मोराकोत, म्हणजे आपलं संस्कृतातलं मरकत. युनिव्हर्सिटीच्या शिक्क्यावर नागावर बसलेला देव आहे, त्याचं नाव फ्रा फिरुन, पावसाचा देव. फिरुन म्हणजे वरुण. मी गेटपाशी तो शिक्का बघत बराच वेळ उभा होतो, एवढ्या लांब येऊन आपला वरुण भेटेल असं वाटलं नव्हतं.

जायचं कसं, तर अगदी सोपं आहे. बीटीएसची, म्हणजे तिथल्या उंचावरून धावणाऱ्या मेट्रोची, सुखुमवित लाइन पकडा आणि कसेत्सात युनिव्हर्सिटी ह्याच नावाच्या स्टेशनला उतरा, हे स्टेशन डिसेंबर 2019 ला सुरू झालं. त्यापुढे चालत बऱ्यापैकी अंतर आहे, कॅम्पस मोठा आहे, झाडी भरपूर, पण घाईत असाल तर नारिंगी जॅकेटवाले बाइक टॅक्सीवाले उभे असतात, त्यांना मोबाईलवर मैदानाचं नाव थाई लिपीत दाखवा, काम होतं. मैदानाचं नाव इन्सी चांतरासतित स्टेडियम, युनिव्हर्सिटी उभी करणाऱ्या तीन जुन्या कृषितज्ज्ञांपैकी एकाचं नाव दिलंय. मला हे फार आवडलं, स्पॉन्सरचं नाव नाही, एका शेतकी मास्तरांचं नाव.

मी स्टेशनवर उतरलो तेव्हा बरोबर संध्याकाळचे सहा वाजले आणि स्पीकरवर राष्ट्रगीत लागलं. तिथे रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला लागतं. अख्खा प्लॅटफॉर्म जागच्या जागी थांबला, जिन्यावरचे जिन्यावर, हातात आईस्क्रीम घेतलेली मुलगी तशीच. दादरला सहा वाजता अशी गर्दी थांबल्याचं मनात आणून बघा. गीत संपलं आणि सगळे पुन्हा चालायला लागले. तुम्ही गेलात तर तुम्हीही थांबा, कुणी सांगणार नाही पण थांबावं.

स्टेडियम छोटं आहे, काही हजारांचं. तिकीट शंभर बातच्या आसपास पडलं म्हणजे आपले अडीचशे-पावणेतीनशे रुपये, खिडकीवर जाऊन घेतलं. एक सांगतो, मी आधी मुंबईहून एका एजंटकडून बुक करायला गेलो होतो, त्याने ह्याच तिकिटाचे चौपट सांगितले, तेव्हा असल्या भानगडीत पडू नका, ह्या लेव्हलच्या मॅचला सरळ मैदानावर जा.

खाण्याबद्दल लिहायलाच हवं. बाहेर एक मावशी मू पिंग भाजत होत्या, म्हणजे काडीला लावलेलं डुकराचं मटण, निखाऱ्यावर, आणि वरून नारळाचं दूध ब्रशने लावत होत्या, ते निखाऱ्यावर ठिबकलं की असा वास सुटायचा की बस. तिथेही त्यांना मावशीच म्हणतात, 'पा'. सोबत चिकट भात, एवढ्याशा पिशवीत, पिशवीत हवा भरून रबर बँडचे दोन वेढे असे मारतात की ती फुग्यासारखी टम्म होते, मी तीनदा बघितलं तरी मला ते जमलं नाही. व्हेजवाल्यांनी घाबरू नये, कापलेला पेरू मिळतो आणि बरोबर तिखट-मीठ-साखरेची पुडी, चौपाटीवर आपण खातो तोच प्रकार, फक्त साखर जास्त. बियर शोधू नका, शाळा-कॉलेजच्या आवारात दारू विकायला आणि प्यायला तिथे कायद्याने बंदी आहे, आणि त्यामुळेच की काय स्टँडमध्ये आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे होते. बायकोला घेऊन यायला हवं होतं असं सारखं वाटत होतं.

मॅच एक-एक सुटली. क्वालिटीबद्दल खोटं कशाला सांगू, पहिला टच बऱ्याचदा लांब जात होता आणि दुसऱ्या हाफला उकाड्याने दोन्ही टीम थकल्या. पण तुम्ही टचलाइनपासून इतके जवळ असता की लेफ्ट बॅक विंगरला ओरडून काय सांगतोय ते ऐकू येतं, भाषा कळत नाही पण "मागे बघ, मागे बघ" हे कुठल्याही भाषेत कळतं. घरच्या बाजूला पंचवीस-तीस पोरांचा ग्रुप, दोन ढोल, सगळे हिरव्या जर्सीत, नव्वद मिनिटं थांबले नाहीत. ढोल वाजवणाऱ्या एकाने बोटांना पट्ट्या बांधलेल्या होत्या, आपल्या पथकातले वादक बांधतात अगदी तशाच, आणि एक पट्टी सुटली तर शेजारच्या मुलीने मॅच बघता बघताच दाताने टेप तोडून त्याला लावून दिली, ताल चुकला नाही.

हाफटाइमला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं बाबा, बघा कुठे बसलोय. तर ते म्हणाले, "अरे ते स्टँड नको दाखवू, ग्राउंडचा कॉर्नर दाखव, गवत कसं ठेवलंय बघू." दाखवलं. मग म्हणाले, "बरं ठेवलंय रे. कुणाची टीम?" युनिव्हर्सिटीची म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "आणि ऑफिसच्या टीम? त्यांच्याकडे तर सगळ्या ऑफिसच्याच होत्या ना?"

होत्याच. थाई फुटबॉलचा इतिहास म्हणजे मुळात ऑफिसांचा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या राजा वजिरावुध ह्यांनी 1916 ला तिथली फुटबॉल असोसिएशन स्थापन केली आणि त्याच वर्षी राजाचा कप सुरू झाला. पुढे असे चार दर्जाचे कप झाले आणि त्यांना नावं दिली अक्षरांची, क, ख, ग आणि ङ. लिपी त्यांची, उच्चार थोडे वेगळे, पण क्रम आपल्या वर्णमालेचाच, फक्त घ गाळलाय. राष्ट्रीय लीग आली थेट 1996 ला आणि पहिला चॅम्पियन कोण, तर बँकॉक बँक. मग एअर फोर्स, क्रुंग थाई बँक, 2004-05 ला चक्क सरकारी तंबाखू कंपनी, 2008 ला वीज मंडळ. ह्या सगळ्यात मोठी होती थाई फार्मर्स बँक, 1994 आणि 1995 सलग दोन वर्षं आशियाई क्लब चॅम्पियन! आपल्या एकाही क्लबला हे कधी जमलेलं नाही. आणि मग 1997 ला बात कोसळला, बँका अडचणीत आल्या, आणि 2000 मध्ये ही टीम बंद झाली. आशियात दोनदा नंबर एक आलेली टीम बंद! बाबांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "महिंद्राचंही तसंच झालं." खरंय, महिंद्रा युनायटेड 2005-06 ला नॅशनल लीग जिंकली आणि 2010 ला टीमच राहिली नाही. ज्या शहरात 1891 पासून रोव्हर्स कप खेळला जायचा तिथे हे झालं.

पण थायलंडमध्ये इथून गोष्ट वेगळी वळली आणि मला हेच लोकांना सांगायचंय. 2007 ला चोनबुरी नावाच्या जिल्ह्याच्या गावची टीम चॅम्पियन झाली, ऑफिसची नाही, गावची, आणि लोकांना कळलं की आपल्या गावाची टीम ही काय चीज असते. त्याच सुमारास एशियन फुटबॉल कॉन्फेडरेशनने अट घातली की क्लब ही स्वतंत्र कंपनी हवी, खात्याचा विभाग चालणार नाही. मग 2009 पासून ऑफिसच्या टीम एकतर गावांनी उचलल्या किंवा विकल्या गेल्या. क्रुंग थाई बँकेची जागा बँकॉक ग्लासने घेतली. वीज मंडळाची टीम चारेकशे किलोमीटर लांब बुरिरामला गेली, तिथल्या नेविन चिदचोब ह्या राजकारण्याने घेतली, आणि आज बुरिराम युनायटेड देशातला सगळ्यात तगडा क्लब आहे. त्यांच्याच मैदानावर जून 2019 ला किंग्ज कपमध्ये (हा देशांच्या टीमचा, वरचा राजाचा कप वेगळा) आपण थायलंडला 1-0 हरवलं होतं, अनिरुद्ध थापाचा गोल, आठवत असेल. बाबांना मात्र त्याच्याही आधीचं आठवतं, 2003 ला जाकार्तात ईस्ट बंगालने बेक तेरो सासाना ह्या थाई टीमला फायनलमध्ये हरवलं ते, आणि ही तेरो म्हणजे त्याच वर्षी आशियाई चॅम्पियन्स लीगची फायनल खेळलेली टीम, अशीतशी नव्हे.

आता ह्या सगळ्या उलथापालथीत कसेत्सातसारखा क्लब मला का आवडला, तर तो हललेला नाही. बाकीच्यांची नावं बदलली, गावं बदलली, मालक बदलले. हा आपल्या कॅम्पसमध्येच आहे. माझ्या शेजारी बसलेले काका तिथलेच माजी विद्यार्थी, मोडक्या इंग्रजीत सांगत होते की मी मृदाशास्त्र शिकलो, दर घरच्या मॅचला येतो, आणि मग मुलगी दाखवली, तीही तिथेच शिकते. मोठ्या क्लबसारखा पैसा इथे नाही हे दिसतंच, पण ही नाती पगारपत्रकावर चालत नाहीत आणि साहेब बदलला म्हणून तुटतही नाहीत. आपल्याकडे कूपरेजच्या आजूबाजूला, माहीम-वांद्र्याच्या मैदानांवर अशी नाती आजही आहेत, फक्त त्यांच्या डोक्यावर कुणी छत धरलं नाही.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं : सीझन साधारण ऑगस्ट ते मे, मॅचेस संध्याकाळी. आधी क्लबच्या फेसबुक पेजवर वेळ बघा, वेळ बदलू शकते. अनाउन्समेंट सगळी थाईमध्ये, तेव्हा भाषांतराचं अ‍ॅप मोबाईलमध्ये टाकून ठेवा. पावसाळ्यात छत्री नको, पातळ रेनकोट घ्या, मागच्याला दिसायला हवं. सुट्टे पैसे जवळ ठेवा. रेटिंग द्यायचंच तर माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो फक्त खेळाच्या क्वालिटीसाठी.

येताना बाबांसाठी हिरवा स्कार्फ आणला. मुंबईत तो गळ्यात घालायची हवाच नाही, त्यांनी तो कूपरेजच्या त्यांच्या टीमच्या फोटोवरून सोडून ठेवलाय, दोन्ही टोकं सारखी करून. पुढच्या फेब्रुवारीला त्यांना घेऊन जायचा विचार आहे, मुंबईहून चार-साडेचार तासांचीच फ्लाइट आहे, पण त्यांच्या गुडघ्याने पायऱ्या चढवत नाहीत, तेव्हा तिथे सगळ्यात खालच्या रांगेत पाठ टेकायला जागा असलेल्या सीट कुठल्या बाजूला आहेत हे कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.