पॅरिस की प्राग? आधी वय सांग

परवा इथे जर्मनीत माझ्या युनिमधल्या एका ज्युनिअरने विचारलं, सप्टेंबरात चार दिवस मोकळे आहेत, खिशात तीनशे युरो आहेत, पॅरिसला जाऊ की प्रागला? मी म्हटलं आधी वय सांग. त्याला वाटलं खेचतोय. पण मी दोन्ही शहरं स्टुडंट असतानाच बघितलीत आणि फिरून फिरून सगळं या एका गोष्टीवरच येतं.

म्हणजे बघ, जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड असेल आणि वयाची २६ वर्षं पूर्ण झालेली नसतील तर पॅरिसमध्ये लूव्र म्युझियम फुकट, ऑर्से म्युझियम फुकट, ऑरांजरी म्युझियम आणि वर व्हर्सायचा राजवाडा पण फुकट. पासपोर्ट भारतीय असला तरी चालतो, तू युरोपात राहतोस एवढं कार्डावर दिसलं की झालं. मी दारात उगाच टेन्शन घेऊन उभा होतो, त्या बाईने कार्ड बघितलं न बघितलं आणि हाताने 'जा आत' केलं. आणि २०२६ पासून युरोपबाहेरच्या लोकांना लूव्रचं तिकीट ३२ युरो झालंय, म्हणजे उद्या आईबाबांना घेऊन गेलास तर नुसते दोघांचे ६४, आणि आईबाबा आले की पॅरिसच मागणार, प्राग कोणाच्याच आईने मागितलेलं मी ऐकलं नाही. फक्त एक, फुकट असलं तरी लूव्रचा स्लॉट आधी ऑनलाइन बुक कर. आणि मंगळवारी लूव्र बंद, सोमवारी ऑर्से बंद, वीकेंडला जोडून जाणाऱ्यांचा पोपट इथेच होतो.

प्रागमध्ये असं सगळं सरसकट फुकट नाही. स्टुडंट डिस्काउंट मिळतो, पण किल्ल्याचे वेगळे, टॉवरचे वेगळे, ज्यू वस्तीचे वेगळे असे पैसे सुटत राहतात. मात्र हॉस्टेलचा बेड, जेवण, ट्राम, बीअर सगळं पॅरिसपेक्षा बरंच स्वस्त. बीअर तर कधीकधी बाटलीतल्या पाण्यापेक्षा स्वस्त, हे खोटं वाटेल पण मेन्यूकार्डच बघ. (पॅरिसमध्ये उलट, 'कराफ दो' म्हणून मागितलं की नळाचं पाणी फुकट आणून देतात, न लाजता मागायचं.)

आता शहर म्हणून. पॅरिसने पहिल्या दिवशी माझा पार मूड घालवला. मेट्रोत जिने, जिने आणि जिने, बॅग घेऊन चढता चढता जीव गेला, कोपऱ्याकोपऱ्यावर मुताचा वास, साक्रे-कूर चर्चच्या पायऱ्यांशी एकाने मनगटावर दोरा बांधायला हातच धरला (हात खिशात घालून सरळ चालत राहायचं, हसून बोलायचं नाही), आणि आयफेलपाशी किचेन विकणारा लांबूनच 'इंडिया? शाहरुख खान!' म्हणून ओरडतोय. लूव्रमधली मोनालिसा म्हणजे ७७ बाय ५३ सेंटीमीटरचं चित्र आणि पुढे दोनशे मोबाईल वर. मी वैतागून पाठ फिरवली तर समोरच्या भिंतीवर वेरोनेसेचं लग्नाच्या मेजवानीचं चित्र, जवळजवळ दहा मीटर रुंद, शंभरावर माणसं, कुत्री, वाजंत्री, आणि त्याच्यासमोर कोणीच नाही! अर्धा तास तिथेच बसलो. तिथून पॅरिस सुधारत गेलं. दुसऱ्या दिवशी ऑरांजरीत मोने या चित्रकाराची कमळं, दोन लंबगोल खोल्या, चारी बाजूंनी नुसतं पाणी, तिकीट फुकट म्हणून तासाभराने परत जाऊन बघितली. पैसे भरले असते तर परत गेलो नसतो, हा फुकटचा खरा फायदा आहे. रात्री अंधार पडल्यावर आयफेल दर तासाला पाच मिनिटं चमचमतो ते मला बालिश वाटणार होतं, नाही वाटलं.

प्रागचं बरोब्बर उलटं. पहिल्या संध्याकाळी मी प्रेमातच पडलो. चार्ल्स ब्रिजवर पहाटे साडेपाचला जा, १३५७ साली बांधायला घेतलेला पूल, दोन्ही बाजूंना ३० पुतळे, नदीवर धुकं आणि तू एकटा. दहा वाजता त्याच पुलावर दादर स्टेशन. जुन्या चौकातलं १४१० चं खगोलीय घड्याळ बघायला तासभर आधीपासून गर्दी, मग खिडकीतून पुतळे सरकतात आणि सगळे एकमेकांकडे बघतात, एवढंच? तिसऱ्या दिवशी जुन्या भागात तीच सुव्हेनिअर दुकानं, तेच ट्रडेलनिक, म्हणजे शेगडीवर भाजलेला गोड पाव, 'पारंपरिक चेक' म्हणून विकतात पण तो काही तिथला जुना पदार्थ नाही. माझे पन्नास युरो एका एक्स्चेंजवाल्याने असे बदलून दिले की 'झिरो कमिशन'चा अर्थ तेव्हा कळला. युरोला साधारण २४-२५ कोरुना (चेक चलन) मिळायला हवेत. नंतर कळलं की तिथल्या कायद्याने तीन तासांच्या आत पावती दाखवून व्यवहार रद्द करता येतो. पावती मी फेकली होती.

पण प्रागमधली एक गोष्ट पॅरिसच्या कशालाच देणार नाही. पिंकास सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ. भिंतींवर नुसती नावं, नाझींनी मारलेल्या इथल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची, बारीक अक्षरात, जमिनीपासून वरपर्यंत, आणि वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या नाझी छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं. शनिवारी बंद असतं, तेवढं सांभाळ.

खायचं म्हणशील तर तू व्हेज, प्रागमध्ये तळलेलं चीज आणि बटाटे यावर दोन दिवस निघतील, तिसऱ्या दिवशी घशाशी येईल. पॅरिसमध्ये ला शापेल मेट्रोच्या बाहेर पड, श्रीलंकन तमिळ लोकांची पूर्ण वस्ती, डोसा, वडा, कढीपत्ता सगळं. तिथल्या गणपतीच्या देवळाची दरवर्षी गणेशोत्सवाच्या सुमारास मिरवणूक निघते, रस्त्यावर नारळांचे ढीग फोडतात. आपल्यासारखा ढोल नाही, पण नारळाचं पाणी बुटात गेलं की बरं वाटतं.

प्रवास: आमच्या श्टुटगार्टवरून पॅरिसची ट्रेन सव्वातीन तासांत पोचते, पण उशिरा बुक केलीस तर कापतात. मग डॉइचलांड तिकिटावर (जर्मनीभर लोकल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास) सीमेवरच्या केल गावापर्यंत जा, ट्रामने ऱ्हाईन ओलांडून स्ट्रासबुर्ग, तिथून पावणेदोन तास. स्वस्त विमान बघून उडी मारू नकोस, बोव्हे नावाचं एअरपोर्ट 'पॅरिस' म्हणून विकतात, ते शहरापासून सुमारे ८० किलोमीटर लांब. प्रागला आमच्याकडून थेट जायचं तर बसमध्ये मान मोडते, ड्रेस्डेनला कोणी मित्र असेल तर तिथून अडीच तास.

तर त्याने वय सांगितलं. पंचवीस, ऑक्टोबरात सव्वीस पूर्ण. म्हटलं, मग प्राग सत्तावीसला पण तेवढंच स्वस्त असेल, तू आत्ता लूव्रचा स्लॉट उघड, मंगळवार सोडून.