ट्रेलरची काटामारी

गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या एका डीलरकडून आम्ही छोटा कॅम्पिंग ट्रेलर घेतला आणि अडीच महिन्यांत पाच हजार डॉलरला बुडालो. ओळखीतले दोघेतिघे सध्या असेच ट्रेलर बघत फिरतायत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमची गाडी 2019 ची होंडा पायलट, फ्रंट व्हील ड्राइव्ह. सेल्समनने गाडीकडे नजर टाकली आणि म्हणाला, "पायलट ना? पाच हजार पौंड आरामात ओढते." ओढते, पण ऑल व्हील ड्राइव्हवाली. आमचीची मर्यादा 3,500. घरून गाडीचं पुस्तक वाचून गेलो होतो, तसं त्याला सुनावलंही. तो जराही गडबडला नाही. ब्रोशर उलटवून त्याने 3,150 या आकड्यावर बोट ठेवलं. "मग तर प्रश्नच नाही, साडेतीनशे पौंड शिल्लक!" त्याची एक चूक पकडल्याच्या आनंदात मी दुसरीकडे बघितलंच नाही.

3,150 हे कोरड्या ट्रेलरचं वजन. त्यात पाणी नाही, गॅस नाही, बॅटरी नाही, एक चमचासुद्धा नाही. आमच्या ट्रेलरवर नंतर बसवलेले एसी आणि छपराचा पडदा हेही त्यात नव्हते, ते दोनशे पौंड. बॅटरी पन्नास. गॅसच्या ज्या सिलिंडरला इथे '20 पौंडी' म्हणतात तो भरल्यावर लोखंडासकट 37 च्या आसपास जातो, आणि असे दोन. पाण्याची टाकी तीस गॅलनची, एका गॅलनला 8.34 पौंड, म्हणजे अडीचशे. अंथरूण-पांघरूण, सायकली, कुकर, बाबांची खुर्ची अजून आत चढायचीच आहे. खरा आकडा ट्रेलरच्या डाव्या कुशीवर पुढच्या बाजूला चिकटवलेला असतो: भरल्यावर जास्तीत जास्त किती. आमच्यावर 4,200 लिहिलं होतं. तो स्टिकर मी त्या दिवशी पाहिला होता. टायरच्या हवेबद्दल काहीतरी असेल असं वाटलं.

वर 640 डॉलरचं 'टोइंग पॅकेज' घ्यायला लावलं. बिलावर स्वच्छ लिहिलेलं: ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लावायचं यंत्र) आणि वायरिंग. कंट्रोलर कुठे दिसत नाही म्हटल्यावर उत्तर मिळालं, "डॅशबोर्डच्या आत आहे, ऑटोमॅटिक." तसे लपवलेले कंट्रोलर खरंच मिळतात, त्यामुळे पटलं.

पहिली सहल पेन्सिल्व्हेनियात, रिकेट्स ग्लेनचे धबधबे बघायला. मी, बायको, मुलगी आणि सांगलीहून आलेले बाबा. निघताना बाबांनी ट्रेलरला एक चक्कर मारली. मागच्या रॅकवर सायकली, पाण्याची टाकीही मागच्या अंगाला. म्हणाले, "उलाळ भरलीयस गाडी." त्यांनी तरुणपणी बैलगाडीतून ऊस वाहिलाय. मी हसून म्हटलं, बाबा, इथे बैल नाहीत.

इंटरस्टेट 80 वर, डेलावेअर वॉटर गॅपच्या अलीकडे, उतारावर एक अठरा चाकी ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागला. आधी थोडा, मग आरशात त्याची पूर्ण बाजू दिसेपर्यंत. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. हाताने लावायला माझ्याकडे काही नव्हतंच. वेग उतरेपर्यंतचे ते दहाबारा सेकंद मी अजून कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. मुलगी मागे गप्प होती, तेच जास्त लागलं.

पुढच्या ट्रक स्टॉपवर थांबलो. शेजारच्या ट्रकमधले सरदारजी उतरून आले, हिचजवळ, म्हणजे गाडीला ट्रेलर जिथे जोडतात तिथे, वाकले, प्लग उपटून माझ्या हातात ठेवला. "पाजी, ये तो सिर्फ़ बत्ती वाला है." गाडीच्या बाजूने चार पिनांची वायर, तिच्यावर सात पिनांचं अ‍ॅडॉप्टर. ट्रेलरचा प्लग त्यात फिट बसतो, दिवे लागतात, इंडिकेटर लागतात. ब्रेकच्या पिनेला मागे तारच नाही. आणि पेन्सिल्व्हेनियात 3,000 पौंडांच्या वरच्या ट्रेलरला चालू ब्रेक सक्तीचे!

तिथेच काटा होता. एकदा ट्रेलरसकट वजन केलं, एकदा सोडून. ट्रेलर 4,060. हिचवर दाब 280, म्हणजे सात टक्के. तो दहा ते पंधरा टक्के लागतो, कमी पडला की गाडी झुलते. बाबांच्या भाषेत उलाळ. मग सामान पुढे सरकवून धुरजड करायची? दहा टक्के म्हणजे 406, आणि आमच्या गाडीच्या हिचची मर्यादा 350. कशीही भरली तरी हा ट्रेलर या गाडीचा नव्हताच. शिवाय हिचवरचा दाब गाडीतल्या माणसांच्या आणि सामानाच्या वजनात धरायचा असतो. त्या वजनाच्या मर्यादेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. गाडी घेऊन पाच वर्षं झाली, मी तो वाचला नव्हता.

बाबा काट्याची पावती बराच वेळ बघत होते. म्हणाले, "आपल्याकडं कारखान्यात काटा मारत्यात. हितं काटाच दाखवला न्हाई."

डीलरकडे गेलो तर त्याने करार पुढे सरकवला. सहीच्या वर बारीक अक्षरात: तोंडी दिलेलं कुठलंही आश्वासन ग्राह्य नाही. तीन दिवसांत माल परत करता येतो असं मी सगळीकडे ऐकलं होतं. तो नियम घरी येऊन विकणाऱ्यांसाठी आहे, दुकानात जाऊन केलेल्या खरेदीला नाही. वायरिंगचं मात्र बिलावर लिहिलेलं होतं. ट्रक स्टॉपवर काढलेला अ‍ॅडॉप्टरचा फोटो आणि ते बिल जोडून राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार केली, तेव्हा 640 डॉलर मुकाट परत आले. 5,000 पौंड ओढते, साडेतीनशे शिल्लक, यातलं काहीही माझ्याकडे लेखी नव्हतं. एवढं एक वाक्य सही करण्याआधी ईमेलवर मागितलं असतं, तर त्याने ते दिलं नसतं आणि मी तिथेच शहाणा झालो असतो.

शेवटी ट्रेलर त्यालाच परत विकला, 5,200 डॉलर तोटा खाऊन. कागद करताना तो म्हणाला, तुम्हाला खरं तर पिकअप हवा, मागच्या आवारात एक आहे, दाखवू का? दोन आठवड्यांनी तिथून जाताना आमचा ट्रेलर रस्त्याच्या कडेला धुऊन-पुसून उभा दिसला. काचेवर पिवळ्या रंगात मोठ्ठे आकडे होते: 3,150.